अवाचनीय संहितेची चिकित्सा : चाळीतील स्मरणिका आणि ई-मेल

वरळीच्या बीडीडी चाळी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात बांधल्या. आता त्यांच्या जागी मनोरे उभे राहत असून ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उत्सव मंडळांच्या स्मरणिका, जयंतीची पत्रके, हौशी नाटकांच्या संहिता ही अशा चाळीच्या वाङ्मयीन इतिहासाची साधने होत. घरे बदलताना छापील प्रती गहाळ होतात. अभ्यासकाच्या हाती उरते ती अक्षरजुळणीची फाईल. ती ई-मेलने येते, आणि उघडताच मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गुंता दिसतो. फाईल बिघडली, हा निष्कर्ष येथे घाईचा ठरतो.

१९९०च्या दशकात मराठी अक्षरजुळणी बहुधा श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकची आयएसएम अशा प्रणालींवर होई. त्यांच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसविलेले असत. फाईलमध्ये साठतात ते संकेतांक. मराठी दिसते ते फाँटमुळे. ई-मेलमधील प्रीव्ह्यूला हा फाँट उपलब्ध नसतो. म्हणून फाईल उतरवून घ्यावी, मूळ प्रत तशीच राखावी आणि मजकुराला लावलेल्या फाँटचे नाव पाहावे. प्रीव्ह्यूतील मजकूर उचलून साध्या टेक्स्टमध्ये जतन केल्यास ते नावच जाते व पुढे केवळ तर्क उरतो.

रिकामे चौकोन दिसल्यास मजकूर बहुधा युनिकोडात असून यंत्रात देवनागरी फाँट नसतो. जवळजवळ दर तिसरे चिन्ह डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन 'ए' असल्यास यूटीएफ-८ मधील मजकूर भलत्या संकेतप्रणालीने वाचला गेला आहे. योग्य प्रणाली निवडताच तो सुधारतो. सलग प्रश्नचिन्हे मात्र नाशाची खूण. तेथे प्रेषकाकडून मूळ फाईल पुन्हा मागवावी लागते.

फाँट ओळखून मजकूर युनिकोडात आणला, तरी पाठचिकित्सा संपत नाही. किंबहुना ती तेथेच सुरू होते. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये व्यंजनाआधी साठते, युनिकोडात नंतर. रफाराचे नेमके उलट. हा क्रम परिवर्तकाला बदलावा लागतो. मराठीचा 'ऱ्य' तर कित्येकदा 'र्य' होऊन बसतो. मग 'दऱ्या'चा 'दर्या' होतो, 'आचाऱ्यास' दिलेला मान 'आचार्यास' जातो. 'गिरणीत जाणाऱ्या' बायकांचे वर्णनही विद्रूप होते. ही अशुद्धे लेखकाच्या वा त्याच्या बोलीच्या माथी मारली जाण्याचा धोका मोठा आहे. यास्तव संपादकाने मूळ फाँट व वापरलेला परिवर्तक यांची नोंद तळटीपेत द्यावी, आणि मंडळाच्या कपाटात एखादी छापील प्रत शिल्लक असल्यास तिच्याशी प्रत्येक रकार ताडून पाहावा.