गिळणारीच्याच पोटात

कालाआजाराच्या रुग्णाच्या अस्थिमज्जेतला थेंबभर द्रव काचपट्टीवर पसरून रंगवला की सूक्ष्मदर्शकाखाली मॅक्रोफेज नावाची मोठी पेशी दिसते. तिच्या आत दोन ते चार मायक्रॉनचे लांबट ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. प्रत्येकात एक गोल केंद्रक आणि शेजारी आखूड गडद काडी. हा लेश्मानिया डोनोवानी. लीशमन आणि डोनोवन या दोघांनी १९०३ मध्ये त्याची वर्णनं छापली; नाव दोघांवरून पडलं. जंतू गिळून पचवणं हेच मॅक्रोफेजचं काम, आणि हा राहतो नेमका तिथेच.

वाळूमाशी चावते तेव्हा तो शेपटीवाल्या रूपात कातडीत उतरतो. रक्तातली पूरक प्रथिनं त्याला चिकटतात. एरवी त्यांनी जंतूला भोकं पाडायची, पण त्याच्या अंगावरचं एक विकर त्यांना निकामी करतं. तरी ती चिकटलेलीच राहतात आणि मॅक्रोफेज त्यांना धरूनच त्याला आत ओढते, तेही फारशी खळबळ न करता.

खरी कसोटी पुढे. गिळलेल्या जंतूभोवती पिशवी तयार होते आणि पाचक रसांनी भरलेली लायसोसोम तिला येऊन मिळतात. परजीवीच्या अंगावरचा साखर-मेदाचा जाड थर हे मीलन लांबवतो. कायमचं थांबवत नाही. त्याला हवा असतो फक्त वेळ. तेवढ्यात शरीराची ऊब आणि वाढती आम्लता यांच्या इशाऱ्याने तो शेपटी आखडून ठिपक्याएवढा होतो. मग लायसोसोम खुशाल येवोत: पाचाच्या आसपास पीएच असलेल्या आम्लात तो हायड्रोजनचे आयन बाहेर उपसत वाढतो, दुभागतो. मला यातलं हेच सगळ्यात बेरकी वाटतं.

टी पेशी इंटरफेरॉन गॅमा सोडून ‘मार त्याला’ असं सांगतात. परजीवी मॅक्रोफेजच्याच विकरांना हाताशी धरून तो निरोप आतल्या आत दाबतो. शेवटी पेशी फुटते, शेजारणी सुटलेले जंतू गिळतात आणि प्लीहा फुगत जाते.

औषधही याच वाटेने जातं. अ‍ॅम्फोटेरिसिन बी मेदाच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून शिरेतून देतात. यकृत-प्लीहेतल्या मॅक्रोफेज त्या गोळ्या आपणहून गिळतात. औषध परजीवीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटून त्याला भोकं पाडतं. आपल्या पेशींत त्याऐवजी कोलेस्टेरॉल असल्याने त्या बऱ्याच अंशी बचावतात. भारतात वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, एकाच डोसात देतात. तरी बरे झालेल्या काहींच्या कातडीत परजीवी उरतात, महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे उठतात. न दुखणारे, म्हणून दुर्लक्षित; पण तिथे चावलेली वाळूमाशी संसर्ग पुढे नेऊ शकते.