इसार देण्याआधी घर तपासा : सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात जुने घर विकत घ्यायचे ठरले की बोलणे पाणी, रस्ता, शाळा आणि देवघराची दिशा यांवरून थेट भावावर येते. वकील कागद पाहतो, बँक किंमत पाहते. घर कोणत्या अवस्थेत आहे, हे मात्र बहुतेक वेळा कोणीच पाहत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 चे कलम 55 सांगते की, खरेदीदाराला साध्या सावधगिरीने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितला पाहिजे. याचा व्यवहारातला अर्थ असा की, नीट पाहिले असते तर दिसला असता अशा दोषाची जबाबदारी बऱ्याच अंशी आपल्यावरच येते.

गैरसमज 1 : कागद साफ आहेत, बँकेने कर्ज दिले, म्हणजे घर चांगले आहे.

वस्तुस्थिती : खसरा आणि बी-1 हे जमिनीचे उतारे, डायव्हर्शन (जमीन वापर बदल) आणि मंजूर नकाशा यांवरून जमिनीची मालकी आणि परवानगी कळते. छताचे लोखंड गंजले आहे का, हे त्यात लिहिलेले नसते. बँकेचा मूल्यमापक कर्ज बुडाले तर मालमत्तेतून किती रक्कम वसूल होईल, एवढेच बघतो. तपासणीत पाया, कॉलम-बीम, छत, ओल, वायरिंग, नळ आणि सांडपाणी यांची अवस्था पाहिली जाते. ही तिन्ही कामे वेगळी आहेत. एक झाले म्हणून दुसरे झाले असे होत नाही.

गैरसमज 2 : नव्या घराला तपासणी कशाला?

वस्तुस्थिती : रायगड जिल्ह्यातल्या महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 रोजी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. वयापेक्षा बांधकाम कसे झाले हे महत्त्वाचे. प्रकल्प रेराखाली, म्हणजे 2016 च्या स्थावर मालमत्ता कायद्याखाली, नोंदलेला असेल, तर त्या कायद्याचे कलम 14 उपयोगी पडते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाचा दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्ती करायची असते. पण त्यासाठी दोष मुदतीत लक्षात आला पाहिजे. एखाद्या घरमालकाकडून जुने घर घेताना हे संरक्षण मिळतेच असे नाही.

गैरसमज 3 : तडे प्रत्येक घराला असतात. (किंवा याच्या उलट : तडा दिसला, घर सोडून द्या.)

वस्तुस्थिती : तडा किती रुंद आहे, कोणत्या दिशेने गेला आहे आणि वाढतो आहे का, यावर सगळे ठरते. भारतीय मानक ब्यूरोच्या तड्यांविषयीच्या पुस्तिकेत 1 मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा तडा बारीक, 1 ते 2 मध्यम आणि 2 पेक्षा जास्त रुंद मानला आहे. प्लास्टरवरचे केसासारखे जाळे बहुधा सुकण्यातून येते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा, पायऱ्यापायऱ्यांनी निघालेला तडा मात्र पाया हलल्याची शंका आणतो. छत्तीसगडच्या मैदानात भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार अशा माती आहेत. त्यातली काळी कन्हार पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अशा मातीवर उथळ पाया असेल तर घराचा एक भाग उचलला जातो, दुसरा खचतो. म्हणून प्लॉटची माती कोणती, हे आधी विचारावे. तडा जिवंत आहे का हे कळण्यासाठी इंजिनियर त्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी तडकली तर हालचाल सुरू आहे.

गैरसमज 4 : ओल आहे, पण रंग दिला की जाईल.

वस्तुस्थिती : रंगाने फक्त डाग झाकला जातो. विक्रीच्या तोंडावर एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. जमिनीलगतची ओल आणि लोणा पायातून वर चढतो. छताजवळचा डाग गच्चीच्या उताराकडे किंवा पन्हाळीकडे बोट दाखवतो, तर बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीवरचा डाग फुटलेल्या पाइपाकडे. पाणी लोखंडापर्यंत गेले की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. छताचे पोपडे पडून सळई दिसू लागली, की प्रश्न रंगाचा राहत नाही. शक्य असेल तर घर एकदा भर पावसात जाऊन पाहावे.

गैरसमज 5 : गच्चीवर सळया सोडल्यात, म्हणजे आणखी एक मजला चढेल.

वस्तुस्थिती : कॉलमच्या वर आलेल्या सळयांवरून फक्त मालकाची इच्छा कळते. पाया किती भाराचा आहे हे डिझाइनच्या नकाशावरून आणि प्रत्यक्ष तपासणीवरून कळते. वर्षानुवर्षे उघड्या राहिलेल्या सळया गंजतात, त्या तशाच वापरणे धोक्याचे. ‘मजला चढेल’ म्हणून जास्त भाव मागितला, तर स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी अहवाल मागा.

गैरसमज 6 : ओळखीच्या मिस्त्रीने पाहिले, त्याने घर पास केले.

वस्तुस्थिती : तपासणीत पास-नापास नसते. त्या दिवशी जे दिसले त्याची नोंद, त्याचे गांभीर्य आणि दुरुस्तीचा क्रम एवढे अहवालात असते. भिंत फोडून आत पाहिले जात नाही, त्यामुळे काही गोष्टी सुटतातही. आपल्याकडे या कामासाठी वेगळा सरकारी परवाना नाही, म्हणून कोणाला बोलावता याला महत्त्व आहे. मिस्त्रीचा अनुभव कामाचा असतो, पण कॉलम-बीमवर शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरच हवा. तो रिबाउंड हॅमरने काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा आणि अल्ट्रासोनिक चाचणीने आतल्या पोकळ्या तपासतो. वायरिंगसाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगर (वायरच्या इन्सुलेशनची) आणि अर्थिंगची चाचणी करून घ्या. शॉकपासून वाचवणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही पाहा. नुसता एमसीबी वायरिंग वाचवतो, माणसाला शॉकपासून वाचवत नाही.

इसारपावती करण्याआधी तपासणी करा आणि अहवाल लेखी, फोटोंसह घ्या. दुरुस्तीचा अंदाज हातात असला की भाव कमी करून घेता येतो, दुरुस्तीची अट लिहून घेता येते किंवा सरळ नाही म्हणता येते. रजिस्ट्रीनंतर सापडलेला दोष बहुतेक वेळा आपल्याच खिशातून दुरुस्त करावा लागतो.