बजेटमध्ये गेमिंग लॅपटॉप: बारामती-इंदापूरकरांनो, आधी वॅट विचारा

इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की बारामतीच्या विद्यानगरीपासून इंदापूरपर्यंत एकच प्रश्न: गेमिंगला कोणता लॅपटॉप घ्यावा?

सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड. पण नुसत्या नावाला भुलू नका! आरटीएक्स ४०५० हे एकच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, तर दुसऱ्यात ११५ वॅटवर. पातळ, देखण्या मॉडेलमध्ये बहुधा वॅट कमी असतात आणि गेम तिथेच अडखळतो. दुकानात थेट विचारा, "टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणारे वॅट, किती?" उत्तर आलं नाही, तर कंपनीच्या वेबसाइटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून बघा. आरटीएक्स ३०५० घेणार असाल तर ४ जीबीचं सोडा, ६ जीबीचंच घ्या.

प्रोसेसर आय ५ की आय ७, यावर डोकेफोड नको. आय ७ चे जादा पैसे कार्डात घाला. रॅमची दुसरी पट्टी बसवायला स्लॉट हवाच.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवा कोंडते, कार्ड तापतं आणि वेग आपोआप उतरतो. टेबलावरच खेळा. लाइट गेल्यावर बॅटरीवर तोच वेग मिळत नाही, हेही धरून चला.

आणि ऑनसाइट वॉरंटी तुमच्या गावच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. नाहीतर दुरुस्तीसाठी पुण्याची एसटी ठरलेली.