बटण दाबलं? आता जरा थांबा!

डहाणू-तलासरीकडच्या मुलांना भूकंपाचं फारसं नवल नाही. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन अधूनमधून हादरत राहिली आणि कित्येकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. धक्का बसला की सगळे आधी काय करतात? फोन लावतात! सगळ्यांनी एकदम लावला की कुणाचाच लागत नाही. त्यात वीज गेली तर मोबाइलचा टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग तोही गप्प.

अशा वेळी उपयोगी पडतात हौशी रेडिओवाले. त्यांना 'हॅम' म्हणतात. हातात मावणारा त्यांचा संच साधारण 5 वॉटचा, म्हणजे तुमच्या घरातला एलईडी बल्बसुद्धा जास्त वीज खात असेल! टॉवर नको, सिमकार्ड नको. फक्त या संचाच्या लहरी बहुतेक नाकासमोर चालतात आणि डोंगर आला की अडतात. बोईसरहून पालघरला हाक पोचेलही, पण वाघोबा खिंडीपलीकडच्या मनोरला? मग कुणीतरी काळदुर्गावर चढायचं आणि इकडचा निरोप तिकडे द्यायचा.

आणखी लांब बोलायचंय? दोन माडांच्या मध्ये 20 मीटर तार ताणा, मोठा संच गाडीच्या बॅटरीला जोडा आणि 40 मीटर लांबीच्या लहरी आभाळात सोडा. सुमारे 300 किलोमीटर उंचीवर हवेचा विद्युतभारित थर असतो. कॅरमची सोंगटी फळीवर आपटून परत येते ना, तशा या लहरी तिथून वळून पुण्या-नागपुरात उतरतात.

26 डिसेंबर 2004 ला अंदमानात त्सुनामी आली, तेव्हा हॅम भारती प्रसाद आणि त्यांचे सोबती पोर्ट ब्लेअरमध्येच होते. आले होते हौसेखातर, जगभरच्या हॅमशी गप्पा मारायला! हजार किलोमीटरहून लांब असलेल्या मुख्य भूमीवर मग त्यांच्याच संचांवरून निरोप जाऊ लागले.

पण मला खरी गंमत वाटते ती या मंडळींच्या शिस्तीची. एका वेळी एकानेच बोलायचं, कारण दोघांनी एकदम बोलायचं बटण दाबलं की ऐकू येते नुसती खरखर. म्हणून एक जण होतो 'नेट कंट्रोल', म्हणजे वर्गाचा मॉनिटरच म्हणा. तो नाव घेईल त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी कान उघडे ठेवायचे. कुणाचा जीव धोक्यात असेल तर मात्र मध्येच 'ब्रेक, ब्रेक' म्हणायचं. मग बाकी सगळं बाजूला.

बटण दाबल्यावर लगेच बोलायचं नाही. एक सेकंद थांबायचं. संच जागा होईपर्यंत पहिला शब्द गिळला जातो. तुम्ही म्हणालात, "नका पाठवू गाडी!" आणि पलीकडे पोचलं, "पाठवू गाडी!" झाला ना घोटाळा?

आकडे तर आपल्या मराठीत भलतेच खट्याळ. खरखरीत 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' वेगळे ओळखून दाखवा बरं! 59 खाटा हव्यात की 69? म्हणून सुटं सुटं सांगायचं: पाच, नऊ. ऐकणारा कागदावर लिहून घेतो, वेळ टाकतो आणि सगळं परत वाचून दाखवतो. बरोबर असेल तरच निरोप पोचला असं धरायचं.

इंग्रजी अक्षरांचीही तीच रड. बी, डी, पी, टी सगळी सारखीच वाटतात! म्हणून जगभर प्रत्येक अक्षराला एक शब्द ठरलाय. पालघर म्हणजे पापा, अल्फा, लिमा, गोल्फ, हॉटेल, अल्फा, रोमिओ.

भारतात 12 वर्षं पूर्ण झाली की हॅमच्या परवान्याची परीक्षा देता येते. तोवर ताईला दुसऱ्या खोलीत बसवा, मध्ये पंखा जोरात सोडा आणि हा निरोप द्या: ब्राव्हो, ऑस्कर, इंडिया, सिएरा, अल्फा, रोमिओ. कुठलं स्टेशन ते तिने लिहून, परत वाचून दाखवायचं.

ओव्हर!