फळ पिकल्याची वर्दी देणारी नळी

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या एकपदरी जाळीची गुंडाळी. व्यास साधारण १ नॅनोमीटर. तिचा प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो. त्यामुळे बाहेरचा रेणू येऊन चिकटला की तिच्यातून वाहणारी वीज लगेच कमी-जास्त होते. स्टॅनफर्डमधील होंगजिए दाई यांच्या गटाने २००० साली नायट्रोजन डायऑक्साइड आणि अमोनिया असेच टिपून दाखवले, तेही खोलीच्या तापमानाला.

अडचण मोठी आहे : उघड्या नळीला कुणीतरी आलं एवढंच कळतं, कोण आलं ते नाही. म्हणून तिला जोडीदार द्यायचा. हायड्रोजनसाठी पॅलेडियमचे कण, ग्लुकोजसाठी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर.

मला सर्वांत भावते ती एमआयटीतील टिमथी स्वॅगर यांच्या गटाने २०१२ मध्ये मांडलेली जोडी : नळ्या आणि तांब्याचे एक संयुग. पिकत्या फळातून सुटणारा इथिलीन वायू तांब्याला बिलगतो आणि नळ्यांचा विद्युतरोध वाढतो. दहा लाख भागांत अर्धा भाग इथिलीन असला तरी तो कळतो. मिश्रणात पॉलिस्टायरीनचे बारीक मणी घातले की ते वायू शोषून नळ्यांजवळ साठवतात. केळी, सफरचंद, संत्री यांवर चाचण्या झाल्या. आपल्याकडे आंब्याच्या अढीत, गवताखाली कोंडला जातो तो हाच वायू.