अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र नेमकी कशाची हमी देतं?

हॉटेलात गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर हल्ली दोन कागद शेजारी शेजारी लावलेले दिसतात. एक एफएसएसएआयचा परवाना किंवा नोंदणी आणि दुसरं ‘फॉस्टॅक’ प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ग्राहक दोन्हींकडे एकाच नजरेनं पाहतात आणि एकावर दुसऱ्याचं काम भागतं असं अनेक मालकही धरून चालतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 चा. त्याखाली व्यवसायाला जो 14 अंकी क्रमांक मिळतो, तो धंदा करण्याची परवानगी देतो. घरून डबे किंवा केक विकणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे आणि 1 जानेवारी 2022 पासून हा क्रमांक बिलावर छापणं बंधनकारक आहे. फॉस्टॅकचं प्रमाणपत्र मात्र माणसाला मिळतं. 2017 मध्ये सुरू झालेल्या या योजनेचा निकष असा, की अन्न हाताळणाऱ्या दर 25 कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा आणि त्यानं शिकलेलं बाकीच्यांना शिकवावं. या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची. म्हणजे त्या माणसानं ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण केला, एवढंच तो कागद सांगतो. आज दुपारचा भात सुरक्षित आहे की नाही, हे तो सांगू शकत नाही.

कोविडनंतर हे वर्ग ऑनलाइनही होऊ लागले आणि त्याबरोबर दोन टोकांची मतं रुजली. व्हिडिओ पाहिला, प्रश्नांची उत्तरं दिली की स्वयंपाकघर सुरक्षित झालं, हे एक मत. पडद्यावर बघून कुणी स्वयंपाक शिकतं का, हा सगळा कागदी घोडा आहे, हे दुसरं. मला दोन्ही चुकीची वाटतात. जे डोळ्यांना दिसत नाही त्यामागचं कारण समजावणं, हे ऑनलाइन प्रशिक्षणाचं खरं बळ आहे आणि स्वयंपाकघरातले बरेचसे धोके नेमके डोळ्यांना न दिसणारेच असतात.

भाताचंच उदाहरण घेऊ. ‘वास आला नाही, चव बिघडली नाही, म्हणजे चांगला आहे’ आणि ‘पुन्हा कढत केलं की सगळं मरतं’ या दोन समजुती आपल्याकडे जवळपास प्रत्येक खानावळीत आढळतात. तांदळावर बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते भात शिजतानाही टिकून राहतात. शिजवलेला भात मोठ्या टोपात ओट्यावर तसाच राहिला, की आतली उष्णता तासन्‌तास जात नाही. 60 अंश सेल्सियसच्या खाली आणि 5 अंशांच्या वर असा जो पट्टा आहे, त्यात हे बीजाणू जागे होऊन वाढू लागतात. वाढताना ते जे विष सोडतात, त्यातलं उलट्या घडवणारं विष परत गरम केल्यानं नष्ट होत नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडत होते, तेव्हा हे नीट उलगडलं. तिथं भात मोठ्या प्रमाणावर शिजवून ठेवत आणि फ्रिजमध्ये तो चिकटतो म्हणून रात्रभर बाहेरच राहू देत. दुसऱ्या दिवशी तो झटपट परतून वाढला जाई. सकाळी फोडणीच्या भाताची ऑर्डर घेणाऱ्या आपल्या पोळी-भाजी केंद्रांना हे प्रकरण परकं वाटू नये. उपाय साधाच आहे. भात पसरट ट्रेमध्ये पातळ थरात पसरून लवकर गार करायचा आणि थेट फ्रिजमध्ये ठेवायचा, नाहीतर 60 अंशांच्या वर गरमच ठेवायचा. हे एकदा कारणासकट कळलं, की आचारी ते विसरत नाही. असं कारण सांगायला पडदा पुरेसा आहे.

‘आमच्या आजीनं कुठलं प्रमाणपत्र घेतलं होतं?’ हा आक्षेप नेहमी येतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. आजी पाच-सात माणसांचं रांधत होती आणि ते तव्यावरून थेट ताटात जात होतं. 200 डब्यांचं स्वयंपाकघर वेगळं असतं. तिथं अन्न पहाटे शिजतं, दुपारी खाल्लं जातं, मधल्या वेळात अनेक हातांतून जातं. मोठ्या टोपाच्या मध्यभागी तापमान किती आहे हे बोट लावून कळत नाही. अनुभवी आचाऱ्याची चव आणि हाताचा अंदाज यांना मोल आहेच, पण जीवाणूंची संख्या जिभेला समजत नाही. रोग पसरवणारे बहुतेक जीवाणू अन्नाचा रंग, वास किंवा चव बदलत नाहीत.

हातमोज्यांबद्दलही असाच भाबडा विश्वास आहे. एकच हातमोजा घालून कच्चं चिकन कापायचं, नोटा मोजायच्या आणि मग कोथिंबीर भुरभुरायची, तर हातमोजा फक्त घालणाऱ्याचा हात स्वच्छ ठेवतो. त्याहून मोठा गुन्हेगार म्हणजे खांद्यावरचं फडकं. त्यानंच ओटा, त्यानंच हात आणि ऐनवेळी त्यानंच ताटाची कडही पुसली जाते.

आता ऑनलाइन पद्धतीची मर्यादा. कुणाच्या तरी नावावर दुसराच कुणी लॉगिन करून बसतो, ही तक्रार खोटी नाही. पण वर्गातही हजेरी लावून झोपता येतं. खरी अडचण वेगळीच आहे. प्रशिक्षणानं माहिती वाढते, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसतं. वागणं मात्र तितक्या सहज बदलत नाही. हात धुवायचे हे माहीत असलेला कामगार हात धूत नाही, कारण बेसिन दोन खोल्या पलीकडे असतं, साबण संपलेला असतो आणि समोर पंधरा ऑर्डर खोळंबलेल्या असतात. अशा वेळी त्याच्या अज्ञानाला दोष देऊन काय मिळणार?

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट इथं महत्त्वाची आहे. ती स्वयंपाकीण होती आणि अंगात टायफॉइडचे जंतू असूनही स्वतः आजारी दिसत नव्हती. 1907 मध्ये तिला वेगळं ठेवलं गेलं. स्वयंपाकाचं काम करणार नाही या अटीवर 1910 मध्ये सोडलं. तिला धुलाईचं काम मिळालं, पण त्यात मिळकत कमी होती. ती नाव बदलून स्वयंपाकघरात परतली आणि 1915 मध्ये ती रांधत होती त्या प्रसूती रुग्णालयात साथ पसरली. ‘ताप नाही म्हणजे धोका नाही’ हा गैरसमज त्यातून मोडतोच. शिवाय हेही दिसतं, की पोटाचा प्रश्न उभा राहिला की मनाई टिकत नाही. आपल्या नियमांतही अन्न हाताळणाऱ्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आहे आणि आजारी माणसाला अन्नापासून दूर ठेवण्याची अट आहे. पण तपासणी वर्षातून एकदा होते, जुलाब कोणत्याही मंगळवारी होऊ शकतात. उलट्या-जुलाब थांबल्यावर आणखी 48 तास कामावर येऊ नये, अशी सूचना ब्रिटनमध्ये कामगारांना दिली जाते. रोजंदारीवरच्या वाढप्याला सुट्टी म्हणजे उपास असेल, तर तो खरं सांगणार नाही आणि कोणताही अभ्यासक्रम त्याला ते सांगायला लावू शकणार नाही.

म्हणून मालकांना एकच विनंती आहे. प्रशिक्षणाची फी भराल, त्याच महिन्याच्या खर्चात एक डिजिटल थर्मामीटर, चार पसरट ट्रे, कच्च्या मांसासाठी वेगळी सुरी आणि वेगळा पाट, ओट्याजवळ साबणासह बेसिन आणि आजारी कामगाराचा दोन दिवसांचा पगार एवढी तरतूद करा.