डेनिमचे कसब आणि आपला कापूस

आज खेड्यातील बहुतेक घरांत एखादी तरी जीन्स पँट असते. ती कॉलेजात जाणाऱ्या मुलाची असेल, नाहीतर आपणच ट्रॅक्टरवर बसताना घालत असाल. धोतर, मांजरपाट, खादी ही कापडे कापूस उत्पादक हात लावताच ओळखतो. जीन्सच्या जाड निळ्या कापडाची, म्हणजे डेनिमची, माहिती मात्र त्याच्यापर्यंत फारशी पोचलेली नाही. हे कापड कसे तयार होते, त्याचे कसब कोण व कसे जपत आहे आणि आपल्या कापसाशी त्याचा काय संबंध आहे, हे या लेखात पाहू.

सुरुवात घरातील एखाद्या फाटक्या निळ्या जीन्सपासून करावी. पायाकडील भागाचा दोन बोटे रुंद तुकडा कापून घ्या आणि सुईने एकेक धागा सोडवा. एका दिशेचे सर्व धागे निळे व दुसऱ्या दिशेचे सर्व पांढरे निघतील. निळे धागे ताण्याचे, म्हणजे मागावर लांबीच्या दिशेने ताणलेले. पांढरे बाण्याचे, म्हणजे आडवे भरलेले. ताण्याचा प्रत्येक धागा बाण्याच्या तीन धाग्यांवरून जातो आणि चौथ्याच्या खालून निघतो. शेजारचा धागा हेच एक घर पुढे सरकून करतो, त्यामुळे कापडावर तिरपी रेघ उमटते. तीन भाग ताणा वर राहत असल्याने कापड बाहेरून निळे व आतून पांढुरके दिसते. आता एका निळ्या धाग्याचा पीळ उलटा फिरवून तो उलगडा. त्याचा गाभा पांढरा आढळेल.

नीळ गाभ्यापर्यंत का पोचत नाही?

नीळ पाण्यात विरघळत नाही. (कपडे धुतल्यावर देतो ती नीळ वेगळी, तिचा येथे संबंध नाही.) ती विरघळविण्यासाठी रंगाच्या कुंडात कॉस्टिक सोडा व हायड्रो टाकतात. त्यामुळे निळीचे रूप बदलते आणि द्राव पिवळट हिरवा होतो. त्यात सूत बुडवून वर काढले की हवेतील प्राणवायू लागून ते पाहता पाहता निळे पडते. एका बुडीत रंग फिका येतो, म्हणून पुन्हा बुडवायचे व पुन्हा हवा द्यायची, असे सहा किंवा अधिक वेळा करावे लागते. गिरणीत तीन-चारशे धाग्यांचा एक दोर वळून तो एकामागून एक कुंडांतून फिरवितात. अशा थोड्या वेळाच्या बुड्यांमुळे निळीचे थर सुताच्या अंगावरच बसतात. पुढे कापड घासले की वरचा थर झिजतो आणि आतील पांढरा गाभा दिसू लागतो. गुडघ्यावर जीन्स पांढरी पडते ती यामुळेच.

रसायने येण्यापूर्वी हेच काम आंबवून होत असे. आंध्र व तेलंगणातील विणकर त्यासाठी टाकळ्याच्या बिया शिजवून चुन्याबरोबर निळीच्या कुंडात घालत. टाकळा, म्हणजे विदर्भातील तरोटा, आपण बांधावरचे तण म्हणून उपटून टाकतो! कुंड तयार झाले की नाही हे कारागीर वासावरून, फेसावरून व द्रावाच्या रंगावरून ओळखतो. हे ज्ञान कागदावर थोडेच उतरते. कुंडाजवळ बसूनच ते शिकावे लागते.

नावे आणि गावे

डेनिम हे नाव फ्रान्समधील नीम शहराच्या कापडावरून आणि जीन हे इटलीतील जिनोआ बंदरावरून आले, असे मानतात. डंगरी हा शब्द तर आपल्याच मुलखातून गेला. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून तो इंग्रजीत रूढ झाल्याचे सांगतात. अर्थात डंगरी मूळची साध्या विणीची, मांजरपाटाच्या जातीची; आजचे डेनिम तेच कापड, असे म्हणणे बरोबर होणार नाही. अमेरिकेत जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकून कामगारांची विजार मजबूत केली. त्याला व लिव्हाय स्ट्रॉस यांना २० मे १८७३ रोजी त्याचे पेटंट मिळाले.

या निळ्या रंगामागे शेतकऱ्यांचे हालही आहेत. बिहारमधील चंपारण्यात बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत मळेवाल्यांसाठी नीळ लावण्याची सक्ती कुळांवर होती. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि नैसर्गिक निळीचे भाव कोसळले. तोटा मळेवाल्यांनी वाढीव खंडाच्या रूपाने कुळांच्या माथी मारला. १९१७ मध्ये गांधीजी तेथे गेले ते या तक्रारीवरून. डेनिमचा इतिहास शिकविताना हा भाग गाळू नये.

गिरणी बंद पडली तेव्हा

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात ग्रीन्सबरो येथे कोन बंधूंची व्हाईट ओक ही डेनिमची गिरणी १९०५ मध्ये सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१७ रोजी बंद पडली. तेथे धोट्याचे जुने ड्रेपर माग होते. नवे, धोटा नसलेले माग कितीतरी वेगाने व जास्त पन्ह्याचे कापड विणतात. जुन्या मागाचे कापड अरुंद, पण धोटा मागे वळताना बाण्याचा धागाही वळवून आणतो, त्यामुळे काठ आपोआप बांधला जातो. या काठासाठी आजही जादा पैसे मोजणारे गिऱ्हाईक आहे.

गिरणीबरोबर माग भंगारात जाण्याची वेळ आली होती. त्याहून मोठी हानी माणसांची होती. चालत्या मागाच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा जॉबर निवृत्त झाला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. तेथे व्हाईट ओक लेगसी फाउंडेशन ही संस्था उभी राहिली. गिरणीचा इतिहास जपला जाऊ लागला व काही ड्रेपर माग पुन्हा चालते झाले. नुसते काचेच्या कपाटात माग ठेवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

जपानमधील कोजिमाची हकिकत आपल्याला अधिक जवळची वाटेल. समुद्र हटवून केलेल्या तेथील जमिनीत खार होता. भात साधेना, म्हणून शेतकऱ्यांनी खार सोसणारा कापूस लावला. त्यावर दोऱ्या व पट्ट्यांचे विणकाम, पुढे शाळेचे गणवेश आणि १९६५ च्या सुमारास जीन्स, असा तेथील धंदा वाढत गेला. आज तेथे जीन्सचे संग्रहालय असून पाहुण्यांना स्वतः बटणे व रिव्हेट ठोकता येतात.

आपला कापूस आणि डेनिम

आपल्याकडे यवतमाळला १९९६ मध्ये रेमंडची डेनिम गिरणी सुरू झाली, म्हणजे हे कापड कापसाच्या शिवारापर्यंत आले. डेनिमचे सूत जाड असते. ७ नंबरच्या एक किलो सुताची लांबी सुमारे १२ किलोमीटर भरते, तर ४० नंबरच्या बारीक सुताची सुमारे ६८ किलोमीटर. त्यामुळे मध्यम व काही प्रमाणात आखूड धाग्याचा कापूसही येथे चालतो. आखूड धागा म्हणजे टाकाऊ माल, ही समजूत सोडून द्यावी.

मात्र जाड सुताला कसाही कापूस चालेल, असेही समजू नये. निळीच्या कुंडात कापसाचा प्रत्येक दोष उघडा पडतो. अपक्व तंतूंच्या गाठी रंग नीट धरत नाहीत आणि खताच्या पोत्याचा प्लॅस्टिकचा धागा तर मुळीच धरत नाही. निळ्या कापडावर त्यांचे पांढरे ठिपके चांदण्यांसारखे उठून दिसतात. म्हणून पूर्ण उमललेल्या बोंडांचीच वेचणी दव ओसरल्यावर करावी. कवडी कापूस वेगळा ठेवावा. वेचणीसाठी सुती कापडाची झोळी वापरावी, खताच्या रिकाम्या पोत्यात कापूस कधीही भरू नये. वेचणाऱ्यांनी डोक्याला रुमाल बांधावा, कारण केसही सुतात जातो.

गावच्या शाळेत किंवा युवक मंडळात जीन्सचा तुकडा सोडविण्याचा प्रयोग अर्ध्या तासात करून दाखविता येतो. एखादा पांढरा ठिपका आढळला तर तो सुईने काढून चिमट्यात धरावा व दिव्याच्या ज्योतीजवळ न्यावा. कापूस असेल तर कागद जळल्यासारखा वास येऊन राख होईल. प्लॅस्टिक असेल तर वितळून त्याची कडक गोळी बनेल.